नळ गळांदे

पहाटे साडेचारला फोन.
दीपश्री. तिकडे अजून कालचीच संध्याकाळ.
"बाबा, भायर उणे एकतीस.
सिंकचो नळ सोडलंय, पाणी येना नाय."

मी अंगणात, कानाला मफलर.
देवगडात आज एकोणीस. याला आम्ही थंडी म्हणतो
आणि अजून थोडी मागतो,
कलमांना मोहोर धरेल इतकी.

पस्तीस वर्षं पाना हातात आहे.
नारळ पडून फुटलेले पाइप पाहिले,
वांदरांनी झोके घेऊन मोडलेले,
खाऱ्या वाऱ्याने पापड झालेले,
मे महिन्यात पत्र्यावर तापून
नळातून चहाचं आधण सोडणारे.
थंडीने फुटलेला एकच.

तोही बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात.
हौदातलं मिठाचं पाणी
उणे दहालाही हलत असायचं,
आणि त्यात बुडवलेल्या डब्यांतलं विहिरीचं गोडं पाणी
रात्रभरात दगड.
डब्यांना झाकण नसे. का,
ते हसन मजगावकर मिस्त्रीने दाखवलं:
बर्फ वर येतो, तव्यावरच्या भाकरीसारखा फुगून.
"गोठताना पाण्याला जागा लागते, पोरा.
दिली नाहीस तर ते घेतं."
एका रात्री डबे भरायची नळी हौदाला टेकून राहिली.
सकाळी मधोमध उकललेली,
गाभोळीने भरलेला मासा चिरावा तशी,
आत बर्फाची निळसर कांडी.
मी ती चोखून पाहिली होती.
लोखंडाची चव.

एवढ्या भांडवलावर आता फोनवर सांगतोय:
मुख्य कॉक खय आसा, तो आधी बघून ठेव,
पाइप फुटलेलो असलो तर लगेच बंद करूक.
सिंकखालच्या कपाटाची दारं उघड,
घरातली ऊब आत जाऊंदे.
नळ सोडलेलोच ठेव.
केस सुकवायचं मशीन घे,
नळाकडून सुरुवात कर आणि मागे मागे जा.
मधेच तापवलंस तर वितळलेलं पाणी कोंडेल.
आग नको. मेणबत्तीसुद्धा नको.

ती होय म्हणते, होय म्हणते,
मग मशीनची घरघर
आणि बराच वेळ नुसती घरघर.

शेवंती कळशी घेऊन मागीलदारी उभी.
आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, पाचला.
ती खुणेनेच विचारते, आलं?
तिला कुठलं विचारायचंय ते मला कळत नाही.
आमच्या नळातून हवा येते,
लांबलचक सुस्कारा, मग तोही थांबतो.
आज नाही यायचं बहुतेक.

फोनमध्ये मात्र कोणीतरी खोकतं.
दोनदा. मग थुंकतं.
मग धार.
"इला बाबा! इला!"
शेवंतीला वाटतं, आपल्याकडेच आलं,
ती कळशी नळाखाली सरकवते.

आता रोज रात्री, मी सांगतो,
थंडी उतरेपर्यंत,
झोपताना नळ किंचित सोडून ठेवायचा.
धार नको, थेंब. हलतं पाणी सहज गोठत नाही.

हे बोलून मीच गप्प होतो.
जामसंड्यापासून मिठबावपर्यंत
लोकांच्या दारात उकिडवा बसून
मी थेंब बंद केले.
वॉशर बदलला, टेप गुंडाळली, पैसे कधी मिळाले, कधी कोकमं.
थेंबाथेंबाने दिवसाला हंडा वाया जातो,
हे शाळेत जाऊन पोरांना सांगणारा मीच,
आणि पहिल्या बाकावर दीपश्री,
लाजून खाली बघत.

"नळ गळांदे," मी पुन्हा म्हणतो.
"ह्यां तू सांगतस?" ती हसते,
हसता हसता नाक ओढते,
आणि फोन नळाशी धरते, खात्री म्हणून.

टप.
किती वेळाने, पुन्हा टप.
सात समुद्रांपलीकडून स्वच्छ ऐकू येतं.
शेवंती रिकाम्या कळशीवर हात ठेवून ऐकतेय.

बरोबर चाललंय, मी म्हणतो, असंच ठेव.
आणि माझा उजवा हात
पान्याच्या खिशाकडे गेलेला असतो.